केसांच्या पॅकेजमध्ये माझे 67,828 रुपये गेले. बायांनो, वाचा आणि सावध व्हा

रक्कम आधीच सांगते, कारण नातेवाइकांत मी ती दोन-तीन वेळा कमी करून सांगितली आणि त्याचाच मला जास्त संताप आला. तपासणी 299. पहिल्या दिवशी गूगल पेवरून 10,500. माझ्या नावावर काढलेलं कर्ज 48,000. त्या कर्जाची प्रोसेसिंग फी 1,179. नंतर गळ्यात मारलेलं किट 7,850. एकूण 67,828 रुपये. क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण अशी क्लिनिकं आता प्रत्येक शहरात आहेत, त्यामुळे नावाने फार फरक पडत नाही.

मी भोळी बाई नाही. सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, दुसऱ्यांच्या व्हाउचरमधला पाच रुपयांचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण पाळी थांबली आणि वर्षभरात केसांची जी दशा झाली ती ज्या बाईने भोगलीय तिलाच कळेल. माझे केस मुळात बारीक पोताचे. वेणीची शेपटी झाली, भांग रुंद झाला, लावलेली क्लिप दुपारपर्यंत घसरून खाली. मोरीच्या जाळीतून रोज पुंजका काढायचा. आणि घरात बोलायला जावं तर "या वयात कोण बघतंय तुझे केस?" हे नवऱ्यानेही म्हटलं, नणंदेनेही म्हटलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तर मान वर न करता मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं. मग जिथे कुणी समोर बसवून तासभर ऐकून घेतलं, तिथे मी गेले. यात माझं काय चुकलं?

फोन केल्यावर "मोफत सल्ला" होता, तिथे गेल्यावर 299 भरायला लावले. काउन्सेलर म्हणवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. बोलता बोलता तिने काढून घेतलं की डिसेंबरात घरात लग्न आहे. त्यानंतर सगळं बोलणं त्या लग्नावरून. "मॅम, सहा महिन्यांत टाळू दिसायला लागेल. फोटो तर आयुष्यभर राहतात." सहा सिटिंग्जच्या पीआरपीचं (आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेटचा भाग सुईने डोक्यात टोचतात) पॅकेज 84,000 चं, आजच्या आज घेतलं तर 58,500. घरी विचारून येते म्हटलं, तर ऑफर संध्याकाळी संपणार होती. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. "फाइल उघडायला" आधार मागितलं, ओटीपी मागितला, माझा फोन तिने स्वतःच्या हातात घेतला. रात्री मेल उघडली तेव्हा कळलं की ती फाइल नव्हती, 4,000 चे बारा हप्ते होते. क्लिनिकला त्यांचे पैसे फायनान्स कंपनीकडून केव्हाच पोचले, देणेकरी झाले मी.

फोन कुणाच्याही हातात देऊ नका. ओटीपीच्या मेसेजमध्ये लोन हा शब्द दिसला तर तिथेच उठा.

पण खरं जे झोंबतं ते पुढचं. पहिल्या दिवशी तो पेनाएवढा कॅमेरा माझ्या भांगावर, बरोबर मधोमध टेकवला होता. स्क्रीनवर कातडी एवढी मोठी, त्यावर एकेकटा केस, मध्ये मोकळी जागा. पाहून पोटात गोळा आला. काही सिटिंग्ज झाल्यावर "प्रोग्रेस" दाखवायला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. या वेळी त्या मुलीने माझी मान पुढे वाकवली आणि कॅमेरा मागे, मानेच्या जरा वर लावला. त्याचं थंडगार टोक मला तिथे लागलं. मी विचारलंसुद्धा, "अगं, आधी पुढे लावला होतास ना?" ती म्हणाली, "मॅम, सॉफ्टवेअर ते ॲडजस्ट करतं." तेवढ्यात स्क्रीनवर दाट केस आले, शेजारी जुना फोटो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या केसांबद्दल कुणी चांगलं बोललं होतं. त्या घडीला सॉफ्टवेअरवरून वाद कोण घालेल? तिथल्या तिथे मी 7,850 चं किट घेतलं.

बायकांच्या या केसगळतीत विरळ होतं ते पुढे आणि टाळूवर, भांगाच्या दोन्ही बाजूंना. मागचे केस बहुतेक तसेच राहतात. म्हणजे तो मागचा फोटो पहिल्या दिवशी काढला असता तरी दाटच आला असता! हे मला नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. त्या कॅमेऱ्याचा स्पर्श मला आजही मानेवर जाणवतो आणि हात शिवशिवतात.

त्या डॉक्टरांकडे मी वर्षभर आधीच जायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. तेव्हा एकानेही म्हटलं नव्हतं. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड करायला सांगितलं. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा इतका कमी आला की थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय असंच वाटावं. कोणत्या गोळ्या चालू आहेत असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी किटमधल्या कॅप्सूल दाखवल्या. बायोटिन नावाचं व्हिटॅमिन, 10 मिलिग्रॅम. एवढ्या डोसने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. कॅप्सूल काही दिवस बंद करून पुन्हा तपासलं तर थायरॉइड व्यवस्थित. फेरिटिन मात्र 11, म्हणजे फारच कमी. पाळी जाण्याआधीची दोन वर्षं मला अतिस्राव होता, अंगातलं लोह तेव्हाच गेलं होतं. क्लिनिकमध्ये प्रत्येक सिटिंगला माझं रक्त काढलं, पण तपासलं एकदाही नाही.

आता लोहाच्या गोळ्या आणि मिनॉक्सिडिल हे केसगळतीचं औषध चालू आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि औषध सोडलं की मिळवलेलं पुन्हा जातं. सगळे केस परत येतील असं त्या म्हणाल्या नाहीत. गॅरंटी देणारा भेटला तर तिथून निघा. टक्कल घालवतो, नवे केस उगवतो असा दावा औषधाच्या नावाने करायला 1945 च्या औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये मनाई आहे, तरी या जाहिराती दिवसाढवळ्या चालतात.

आणि दाद मागायला जावं तर काय होतं तेही ऐका. पोलीस चौकीत हवालदाराने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग शेजारच्याकडे. "काकू, केसांना अडुसष्ट हजार?" त्यानंतर हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर साहेब नाहीत. औषधांच्या सरकारी कार्यालयात सांगितलं, किटच्या बाटल्यांवर कॉस्मेटिक लिहिलंय, ट्रीटमेंटचं आमच्याकडे येत नाही, पालिकेत जा. पालिकेच्या आरोग्य विभागात म्हणे, तिथे बेड नाहीत, म्हणजे नर्सिंग होम नाही, म्हणजे आमच्याकडे नोंद नाही, पोलिसांत जा. बेड नाही म्हणून कुणीही उठावं आणि बाईच्या डोक्यात सुया टोचाव्यात? सुई टोचणारी डॉक्टर होती की नाही एवढं तरी बघा म्हटलं, तर तो माणूस जेवायला उठला. फायनान्स कंपनीचं एकच पालुपद, "तुमचा आमचा करार वेगळा आहे." रागाने एक हप्ता थांबवला तर 590 रुपये बाउन्स चार्ज लावला आणि सिबिल खराब व्हायची धमकी दिली. त्यामुळे हप्ते मी भरतेय, दात-ओठ खात भरतेय. तुम्हीही हप्ता बंद करून भांडू नका, भरत राहून भांडा.

ज्यांची फसवणूक आत्ताच झालीय त्यांनी कर्जाचा मेसेज आला त्याच दिवशी फायनान्स कंपनीला मेल करा. फोनवरून काढलेल्या कर्जातून ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत आहे. मला ती कळली तोवर मुदत गेली होती. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज मात्र द्यावं लागतं, म्हणून क्लिनिककडेही त्याच दिवशी पैसे लेखी परत मागा. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, तिला हुकूम देता येत नाही, पण तिथला नोंद क्रमांक पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. खरा अर्ज जिल्हा ग्राहक आयोगात करा. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत करायचा. मी स्वतः लिहून दाखल केलाय. "डॉक्टर" म्हणून जो समोर येईल त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासा. ट्रायकॉलॉजिस्ट (केसांचा तज्ज्ञ) असं दारावर लिहिलं म्हणजे डॉक्टर झाला असं नाही.

आणि ते कॅमेऱ्याचे फोटो पहिल्या दिवसापासून स्वतःच्या फोनमध्ये मागून घ्या, तारखेसकट. मला माझे अजून मिळालेले नाहीत. क्लिनिक म्हणतं, सिस्टीम बदलली, जुना डेटा गेला. ते फोटो आयोगासमोर आणायला लावा, असा वेगळा अर्ज मी आता देतेय.