आंबा घाटाखाली मी पंधरा हजार रुपये कसे घालवले

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आईला घेऊन मी कोल्हापूरला गेलो होतो. तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि त्यानंतरची तपासणी होती. रत्नागिरी ते कोल्हापूर हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे आणि गाडीही दहा वर्षे हाताखालची आहे, त्यामुळे त्या दिवशी जे घडले त्याचे खापर अनोळखी रस्त्यावर किंवा नव्या गाडीवर फोडण्याची सोय मला नाही.

आंबा गाव मागे पडले आणि उतार सुरू झाला तेव्हा साडेचार वाजले होते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचते, या जुन्या समजुतीपायी मी तशीच सोडली होती आणि सगळा भार ब्रेकवर टाकला होता. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत ही समजूत साफ उलटी आहे, हे मला नंतर कळले. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिनाला जाणारे पेट्रोल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहावे म्हणून ते जळतच राहते. म्हणजे मी पेट्रोलही घालवत होतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरने जे काम केले असते ते ब्रेककडून करून घेत होतो. निम्मा घाट उतरल्यावर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. शेजारी काळा चष्मा लावून बसलेली आई म्हणाली, “तो लाल दिवा कसला रे लागतोय मघापासून?” ब्रेकचा दिवा लागत होता, विझत होता. हँडब्रेक मी दोनदा चाचपून पाहिला. तो खालीच होता.

अशा वेळी सपाट जागी गाडी बाजूला घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास काहीही न करता बसावे, एवढेच करायचे असते. मी घाट संपेपर्यंत तशीच रेटली आणि रस्त्यालगत जे पहिले गॅरेज दिसले तिथे गाडी घातली. गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याला तसे धड नावही नव्हते.

मेस्त्री तिशीतला, बोलायला अतिशय गोड. मला काका आणि आईला आजी म्हणत त्याने आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग एक मगभर पाणी पुढच्या चाकाच्या तापलेल्या डिस्कवर फेकले. चर्र असा आवाज होऊन वाफ उठली तशी आई दचकली. “बघा आजी, किती तापलंय,” तो म्हणाला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतल्याने ती वाकण्याची किंवा तिला तडा जाण्याची भीती असते. शिकलेला मेस्त्री ते कधीही करणार नाही. पण त्या वाफेने आम्ही दोघेही पुरते घाबरलो, आणि ती उठवली होती तीही त्याचसाठी. “गाडी जॅकवर घेतो, तुम्ही आजींना घेऊन समोर चहा घ्या,” असे त्याने म्हटल्यावर मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि रस्ता ओलांडला.

पंधरा मिनिटांनी त्याने हाक मारली. दोन्ही पुढची चाके हवेत होती. त्याने बॅटरी मारून खड्ड्यांचे हादरे झेलणारा शॉकॲब्सॉर्बर दाखवला तर नळीवरून तेलाचा ओघळ खाली आलेला. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग त्याने चाक डावीउजवीकडे हलवून दाखवले, तर खडखड आवाज आला. “काका, दोन्ही शॉकअप गेलेत आणि लोअर आर्मपण संपलेत. म्हणून ब्रेक नीट लागत नाहीत. अशा गाडीतनं आजींना घेऊन हातखंब्यापर्यंतसुद्धा जाऊ नका.” लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा. अंधार पडायला आला होता आणि आईच्या डोळ्यात औषध घालण्याची वेळ झाली होती. माझ्याकडे सामान आहे, असे म्हणत त्याने फळीवरचे दोन लांबट खोके दाखवले. मी ते हातातही घेतले नाहीत. शॉकॲब्सॉर्बर ६,८००, त्यांची माउंटिंग १,९००, लोअर आर्म ३,४००, ब्रेक ऑइल ४५० आणि मजुरी २,८०० असे १५,३५० रुपये होत होते; आजींकडे बघून त्याने १५,००० केले. त्या ३५० रुपयांच्या सवलतीबद्दल मी त्याचे आभार मानल्याचे मला पक्के आठवते.

आम्ही पुन्हा समोर जाऊन बसलो. एक तास दहा मिनिटांत गाडी तयार झाली. पुढची चाके आता काळ्याभोर, चकचकीत भागांवर बसलेली दिसत होती, लाल दिवा विझला होता आणि रस्त्यावर आल्यावर खड्डे खरोखरच कमी जाणवू लागले. पैसे मी फोनवरून क्यूआर कोडवर भरले; त्यावर गॅरेजचे नाही, कुणा व्यक्तीचे नाव आले. बिल म्हणून मिळालेल्या चिठोऱ्यावर एवढाच मजकूर होता: “शॉकअप काम १५०००”, आणि खाली एक सही. घरी पोचेपर्यंत आई त्या मुलाचे कौतुक करत होती, आणि मीही.

नऊ दिवसांनी गाडी ऑइल बदलायला आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली आणि नवे शॉकॲब्सॉर्बर बसवल्याचे मोठ्या समाधानाने त्यांना सांगितले. ते खाली वाकले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या काळ्या नळीवर एक रेघ ओढली. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली तांबडा गंज दिसला. आम्ही मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. दहा वर्षांच्या खाऱ्या हवेने गाडीच्या पोटाला जसा गंज चढतो, अगदी तसाच खरबरीत, फुगलेला गंज. “सर, हे तुमचेच आहेत. वरनं स्प्रे मारलान आणि सोडून दिलान,” ते म्हणाले. लोअर आर्मचेही तेच. शॉकॲब्सॉर्बर आणि चाकाचा सांधा ज्या दोन मोठ्या बोल्टांनी जोडलेला असतो, त्यांच्या आट्यांवर जुना गंज तसाच होता आणि त्यावरून रंग गेला होता. पाना लागला असता तर गंज फुटला असता आणि आटे उजळ दिसले असते.

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. तेल खरोखर गळत असेल तर त्यावर धूळ बसून चिकट काळा थर जमतो, तो एका दिवसाचा नसतो. स्वच्छ, ओले, चमकणारे तेल दिसले तर आधी ते फडक्याने पुसावे, वीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. चाक हवेत असताना स्टिअरिंग लॉक नसेल तर डावीउजवीकडे हलवल्यावर चाकासोबत स्टिअरिंगची यंत्रणाही हलते आणि न जाणणाऱ्याला तो खुळखुळाट वाटतो. पाहायचेच असेल तर आतल्या माणसाला स्टिअरिंग धरून बसायला सांगावे आणि चाक वरखाली धरूनही हलवावे. शॉकॲब्सॉर्बर बदलायचा तर स्प्रिंग विशेष अवजाराने दाबून काढावी लागते. दोन्ही बाजूंचे शॉकॲब्सॉर्बर आणि वर दोन्ही लोअर आर्म, हे काम नीट करायला एक तास दहा मिनिटे पुरत नाहीत. आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून, करून घ्या, असे कोणताही मेस्त्री सांगतोच. घाटाखालच्या त्या मेस्त्रीने ते सांगितले नव्हते, कारण काही उघडलेच नव्हते. खड्डे कमी कसे जाणवले, हे कोडे हवेच्या मीटरने सोडवले: पुढच्या दोन्ही टायरांत ३३ ऐवजी २२ पाउंड हवा होती. हवा कमी केली की गाडी मऊ चालते, एवढेच. त्या मऊपणावर खूश होत मी नऊ दिवस गाडी हाकली होती.

येथवरचे नुकसान पैशांचे होते आणि ते मी गिळलेही असते. खरी गोष्ट त्यांनी चाक काढल्यावर पुढे आली. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे पुढचे ब्रेक पॅड झिजून जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो आणि तीनवर आला की बदलावा. पॅड जसजसा झिजतो तसतसे चाकाकडील पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरण्यासाठी डबीतले ब्रेक ऑइल खाली उतरते. गळती कुठेच नसते, तरी पातळी ‘मिन’च्या रेघेजवळ येते, आणि उतारावर तेल पुढे कलंडले की दिवा उघडझाप करू लागतो. आईने पाहिलेला तो दिवा शॉकॲब्सॉर्बरबद्दल काही सांगत नव्हताच. पॅड संपत आले आहेत, हे तो सांगत होता. त्या माणसाने डबी ‘मॅक्स’पर्यंत भरली आणि दिवा विझवला. पंधरा हजारांत त्याने प्रत्यक्ष केलेले काम म्हणावे असे हे एकच, आणि तेच सर्वांत घातकी. आमच्या गाडीला पॅड संपल्याचे सांगणारी दुसरी सोय नाही. दिवा विझल्यावर ते लोखंडापर्यंत झिजेतोवर मला काही कळले नसते, आणि दिवाळीनंतर मी सगळ्यांना घेऊन कुंभार्ली घाटाने साताऱ्याला निघणार होतो.

मेस्त्रींनी तेल शेवटचे कधी बदलले ते विचारले. चार वर्षांत बदलले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचे तेल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० च्या आसपास येऊ शकते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. वरून थोडे नवे तेल ओतल्याने हे बदलत नाही. दर दोन वर्षांनी सगळे काढून नवे भरावे लागते. पॅड आणि तेल मिळून मला दोन हजारांच्या आत पडले.

मी त्या गॅरेजला फोन केला. “काका, मी माल बसवला होता. तुमच्या मेस्त्रीनेच काढून घेतला असेल,” असे उत्तर शांतपणे मिळाले, आणि पुढचे फोन उचलले गेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही, हे तेव्हा कळले. मार्ग उघडा होता, पण त्यावरून न्यायला माझ्या हातात काय होते? जीएसटी क्रमांक नाही, भागांचे क्रमांक नाहीत, सुट्या भागांची आणि मजुरीची वेगळी नोंद नाही, जुने भाग मागितले नाहीत, नव्यांचे खोके घेतले नाहीत, ‘आधी’चा एक फोटो नाही. रंगाखालचा गंज मी दाखवू शकलो असतो, पण हीच ती गाडी त्या दिवशी तिथे उभी होती आणि याच भागांचे पैसे मी दिले, हे त्या चिठोऱ्यावरून दिसत नव्हते. जुने भाग मागितले असते तर पुढचे काहीच घडले नसते, कारण द्यायला त्याच्याकडे ते नव्हतेच. ते माझ्या गाडीलाच होते.

सगळ्या रस्त्यावरच्या मेस्त्रींना एका मापाने मोजावे, असे मला वाटत नाही. याच रस्त्यावर पालीजवळ एकाने भर पावसात पंक्चर काढून वर हवा तपासून दिली होती आणि जादा पैसे घ्यायला नकार दिला होता. मी फसलो तो परक्या गावात फसलो म्हणून नव्हे. गाडी डोळ्यांआड केली म्हणून फसलो. त्या पंधरा मिनिटांत तेल ओतले गेले आणि नंतरच्या सत्तर मिनिटांत रंग वाळला.

मार्चमध्ये आईच्या डाव्या डोळ्यासाठी पुन्हा कोल्हापूरला गेलो. परतताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दिवा लागला नाही, आईने तीनदा वाकून खात्री केली. घाटाखाली ते गॅरेज आले. दारात एक पांढरी गाडी जॅकवर होती, दोन्ही पुढची चाके हवेत. समोरच्या टपरीत एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन मुले चहा-बिस्किटे घेत बसली होती. मी गाडी थोडी पुढे नेऊन थांबवली, मागे चालत आलो आणि त्यांना विचारले, “गाडीत काय बिघाड सांगितलाय?”

“शॉकअप लीक आहेत म्हणतोय.”

“मग गाडीपाशी जाऊन उभे राहा. ते तेल स्वतःच्या रुमालाने पुसा, आणि जुने भाग मला घरी न्यायचे आहेत, असे आत्ताच सांगा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग रस्त्यापलीकडे पाहिले. कप तसाच बाकावर ठेवून ते उठले आणि खिशातला रुमाल काढत रस्ता ओलांडून गेले.