उसाच्या बेणेमळ्यासाठी: उष्ण प्रक्रियेचे बेणे की ऊतीसंवर्धित रोपे?

वसमत, कळंब किंवा माजलगाव परिसरातील शेतकऱ्याने पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीच्या) बेणेमळ्यासाठी, म्हणजे पुढच्या लागवडीचे निरोगी बेणे वाढवण्याच्या मळ्यासाठी, काय निवडावे, हे मुख्यतः त्याच्या उसावर आजवर कोणता रोग आला आहे यावर ठरते. उष्णतेचा उपयोग दोन्हीकडे होऊ शकतो. मात्र एकीकडे ती थेट बेण्याच्या डोळ्याला (ज्यातून कोंब फुटतो त्याला) लागते, तर दुसरीकडे तिचे काम प्रयोगशाळेतच संपते.

बाष्पयुक्त उष्ण हवेच्या प्रक्रियेत बेणे ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास ठेवतात, तर गरम पाण्यात ५० अंशांना दोन तास. त्यामुळे गवताळ वाढ व काणी हे रोग आणि खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणूजन्य रोग बऱ्याच अंशी आटोक्यात येतो. झळ बसते ती उगवणीला: डोळे उशिरा फुटतात, काही फुटतच नाहीत, आणि नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी जादा रोपे हाताशी ठेवावी लागतात. तापमान थोडे चढले तर डोळा शिजतो, उतरले तर रोग राहतो. थंड टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) टाकताच पाणी निवते, म्हणून गुऱ्हाळाच्या काहिलीत हा प्रयोग करण्याचा मोह टाळलेला बरा.

ऊतीसंवर्धनात शेंड्याचा, वाहिन्या न फुटलेला, अतिसूक्ष्म तुकडा वाढवतात. विषाणू प्रामुख्याने वाहिन्यांतून पसरत असल्याने हा भाग बहुधा स्वच्छ असतो. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी याच मार्गाने डेलियाची विषाणुमुक्त रोपे मिळवली होती. अडचण अशी, की तुकडा जितका लहान तितका तो जगणे अवघड. मातृरोप (ज्याचा शेंडा घ्यायचा ते रोप) काही आठवडे ३६ ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवल्यास विषाणूंची वाढ मंदावते आणि थोडा मोठा, तगणारा तुकडा घेता येतो. या काळात मातृरोप खुरटते, पाने फिकी पडतात, काही रोपे दगावतात. पण ही हानी प्रयोगशाळेच्या पदरी पडते. मोझॅक आणि पिवळ्या पानांचा रोग हे विषाणूजन्य रोग, ज्यांवर टिपरीची उष्ण प्रक्रिया भरवशाची नाही, ते या वाटेने काढता येतात.

दोन डोळ्यांच्या टिपऱ्या एकरी सुमारे १०,००० लागतात. पाच बाय दोन फुटांवर रोपे ४,३५६ बसतात. मात्र रोप नाजूक असते आणि परभणीत पारा ४२ अंशांपुढे जातो त्या दिवसांत ते शेतात नेणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे. शिवाय पहिल्या पिढीत फुटवे अधिक आणि ऊस बारीक येण्याचा कल असल्याने तो गाळपाला न पाठवता बेण्यासाठीच राखावा.

त्रास गवताळ वाढीचा किंवा काणीचा असेल, तर उष्ण प्रक्रियेचे नऊ-दहा महिन्यांचे बेणे पुरेसे आणि स्वस्त आहे. मोझॅक दिसत असेल किंवा नवे वाण लवकर वाढवायचे असेल, तर रोपेच घ्यावीत. रोपे घेताना मातृरोपांची विषाणू-चाचणी झाली आहे का, हे आधी विचारावे.