पेसमेकर, दहा महिने वापरून: मशीन चोख, गोळ्यांचं काम किचकट

लोक मिक्सरबद्दल लिहितात, पाण्याच्या मोटरबद्दल लिहितात. मी छातीत बसवलेल्या डबीबद्दल लिहितोय. ३१ वर्षं लाइनमन होतो, आधी एमएसईबी, २००५ नंतर महावितरण. तारा, जोडण्या आणि बॅटऱ्या यांवर मत द्यायचा तेवढा हक्क आहे असं समजा.

गेल्या आषाढात कोरेगावच्या बाजारात भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. टोमॅटोच्या क्रेटवर टेकलो तो उठलोच नाही. साताऱ्याला नेलं तेव्हा नाडी ३४. कार्डिओग्राम बघून डॉक्टर म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक." मला वाटलं नस तुंबली. ते म्हणाले, "नाही काका, ती भानगड वेगळी. हृदयाचा वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यातली विजेची लाइन तुटलीय." झालं, पुढचं समजावून सांगायची गरजच उरली नाही. वर सप्लाय आहे, खाली पोचत नाही. जंपर, म्हणजे तुटल्या जागेवरून जोडतार, टाकायचा.

डाव्या कॉलरबोनखाली जागा बधिर करून दीड तासात काम उरकलं. दोन तारा शिरेतून आत सोडल्या, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. वर ठोका पडला की डबी तो ओळखते आणि खालच्याला इशारा देते. चाललो तर नाडी वाढते, झोपलो तर ६० वर येऊन थांबते, त्याखाली उतरू देत नाही. आत काही जाणवत नाही. पहिल्या आठवड्यात मी रात्री उठून कान देऊन ऐकायचो. टिकटिक नाही, गुणगुण नाही, काही नाही.

महिन्याने तपासणीला गेलो तर डबी तपासणाऱ्या पोराने छातीवर माउससारखं काहीतरी ठेवलं आणि पडद्यावर सगळा हिशेब काढला. मध्येच त्याने मुद्दाम नाडी ९० केली. मी खुर्चीत निवांत बसलेलो आणि छातीत मात्र जिना चढल्यासारखं! तीन महिन्यांनी त्यानेच डबीचा विजेचा दाब साडेतीन व्होल्टवरून अडीचवर आणला, म्हणाला बॅटरी जास्त टिकेल. ११ हजार व्होल्टच्या लाइनखाली जन्म काढला आणि आता अडीच व्होल्टवर चाललोय. सध्या पडद्यावर नऊ वर्षं शिल्लक दाखवतात. बॅटरी चार्ज होत नाही, संपत आली की डबीच बदलायची. तारा ठीक असल्या तर त्याच राहतात.

नातवाने मोबाइलवर एक माहिती काढून दिली. सुरुवातीचे पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. ३१ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेत मिनियापोलिसला लाइट गेली ती काही तास आलीच नाही. त्यानंतर दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांनी बॅटरीवरचा छोटा पेसमेकर बनवला. लाइट गेली की लोक आम्हाला काय काय बोलायचे ते इथे लिहीत नाही. पण बघा, एकदा गेली त्यातून काय निघालं.

मशीनला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला, कारण बनियनचा पट्टा डबीच्या कोपऱ्यावर बरोबर येऊन बसतो.

पहिले सहा आठवडे मात्र वाईट. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार जागची हलू शकते. सदरा डोक्यातून घालता येईना, मग पुढून बटणाचे शर्ट. पहिले पंधरा दिवस मंडळींनी डोक्याला तेल लावून दिलं, तेही टोमणे मारत. आता फ्रिज, टीव्ही, मिक्सर सगळं चालतं. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहतो. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचं वेल्डिंग चालू असलं की तिकडे जायचंच नाही. देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून न थांबता निघायचं, ओळखपत्र खिशात ठेवायचं.

खरी परीक्षा गोळ्यांची. तपासणीत एका नसेतही थोडं कमीजास्त निघालं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची. शिवाय मेटोप्रोलॉल. ती नाडी मंद करते, मग मला कशी, असं मी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, "आधी देता आली नसती. आता खाली डबी आहे धरायला." उत्तर पटलं.

बीपीची पहिली गोळी रॅमिप्रिल. तिने कोरडा खोकला लावला. तीन आठवडे मी रस्त्याच्या धुळीला शिव्या दिल्या. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, आठवडाभरात खोकला गायब.

पुढच्या महिन्यात औषधवाल्याने तेच औषध दुसऱ्या नावाने दिलं आणि सांगितलं मात्र नाही. आधीची पट्टी अर्धी शिल्लक होती. सुनेने डब्यात दोन्ही भरल्या, तिला तरी काय कळणार, नाव वेगळं, रंग वेगळा. चौथ्या दिवशी नळाखाली वाकून उठलो आणि भिंत धरली. पहिला हात मनगटावर. नाडी ७२, ठणठणीत. म्हणजे डबी चालू. मग मशीन लावलं तर बीपी ८८ वर ५४. तेव्हा डोक्यात लख्ख झालं: फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, व्होल्टेज पडलंय. डबी ठोके सांभाळते, दाब नाही. डॉक्टरांना फोन केला, दोन्ही पट्ट्या समोर धरून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली आणि घोळ निघाला. त्या दुकानाला एक तारा, तोही रात्री दहापर्यंत उघडं असतं म्हणून.

आता आणलेल्या प्रत्येक पट्टीवर मी मार्करने कामाचं नाव लिहितो: बीपी, रक्त, कोलेस्टेरॉल. एकच शब्द दोन पट्ट्यांवर आला की थांबायचं आणि विचारायचं. आणि बाजारातला सात दिवसांचा, सकाळ-रात्र खणांचा प्लॅस्टिकचा डबा, १२० रुपये, त्याला पाच तारे. खण रिकामा दिसला की घेतली, भरलेला दिसला की राहिली. "घेतली का हो?" या प्रश्नावरची घरातली रोजची वादावादी संपली.

शेवटची अडचण खिशाची. मोबाइल डबीपासून वीतभर तरी लांब ठेवा, असं सांगितलंय आणि माझ्या सगळ्या शर्टांना खिसा डावीकडे. नेहमीच्या शिंप्याकडे चार शर्ट टाकले, खिसे उजवीकडे घे म्हटलं. त्याला वाटलं चेष्टा करतोय. कारण ऐकल्यावर शिलाई घेईना, बळेच चहा पाजून आलो. पण जुनी सवय, फोन वाजला की हात अजून डावीकडेच जातो आणि खिशाऐवजी डबी लागते.