५० हर्ट्झचा मायक्रोवेव्ह

टोकियोतल्या पहिल्या रात्री आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर जेवलो. लाइट गेली नव्हती हो, घराला दिवेच नव्हते. इकडे भाड्याच्या घरात बऱ्याचदा छताला नुसतं एक गोल सॉकेट असतं, दिवा भाडेकरूनं आपला आणायचा आणि घर सोडताना आपला काढून न्यायचा. पडदेही नव्हते. एजंटनं फ्लॅट दाखवला तेव्हा भर दुपार होती, आम्ही ओटा बघितला, बाथरूम बघितलं, कपाटं उघडून बघितली, छताकडे कोण बघतंय. त्यामुळे २०२२ च्या एप्रिलात आमची जपानमधली पहिली खरेदी काय, तर दिवे.

दुसऱ्या दिवशी गेलो अकिहाबाराला, म्हणजे टोकियोतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेत, योदोबाशी या विजेच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या त्या अवाढव्य दुकानात. स्टेशनला लागूनच आहे, २००५ पासून, मजल्यावर मजले आणि दुकानाचं स्वतःचं गाणं अखंड चालू, ते डोक्यात असं बसतं की रात्री भांडी घासताना मी तेच गुणगुणत होते. दिव्यांच्या खोक्यांवर वॅट कुठेतरी बारीक अक्षरात असतात, मोठ्या अक्षरात असतं ६ जो, ८ जो, १२ जो. जो म्हणजे तातामी चटई. खोलीत किती चटया मावतात त्या हिशोबानं दिवा घ्यायचा, मला हे प्रचंड आवडलं. घरी आणून स्टुलावर चढायचं, सॉकेटमध्ये अडकवून फिरवायचं, टक आवाज आला की झालं, ना वायरमन ना स्क्रू. सोबत रिमोट, आणि त्यात झोपायचा मिणमिणता दिवा वेगळा.

पॉइंट कार्डाचं आधीच सांगते, कारण सगळे तिथे भुलतात. बहुतेक वस्तूंवर १० टक्के पॉइंट असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं १० टक्के सूट. तसं नाहीये. १०,००० येनची वस्तू घेतली, १,००० पॉइंट मिळाले, ते पुढच्या खरेदीत वापरले, म्हणजे १०,००० मध्ये ११,००० चा माल आला, ही सूट भरते साधारण ९ टक्के, आणि पॉइंट वापरून जे घ्याल त्यावर परत पॉइंट नाहीत. तरी वाईट नाही, आमची इस्त्री आणि एक पंखा पॉइंटवरच आले. फक्त पॉइंट आहेत म्हणून नको त्या वस्तू घरात येतात हे आपलं आपण सांभाळायचं (आमच्याकडे नाकातले केस कापायचं मशीन आहे, कुणी वापरत नाही).

आणि ते टॅक्स फ्रीचे बोर्ड आपल्यासाठी नसतात. इथे नोकरी करत असाल तर पासपोर्ट परदेशी असला तरी १० टक्के कर मुकाट भरायचा, ती सवलत थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना आणि तीही वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी. सासरे महिनाभर आले होते तेव्हा त्यांनी स्वतःसाठी घेतलं आणि सोबत घेऊन गेले, ते बरोबर. पण घरून कुणी फोन करून 'तिकडचा राइस कुकर आण ग' म्हणालं तर दहादा विचार करा. इथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०, तो कुकर तिकडच्या प्लगात लावला की भाताआधी कुकरच शिजेल. परदेशात न्यायचे मॉडेल वेगळे मिळतात, महाग असतात, तेच मागायचे.

आता वॉशिंग मशीन. विक्रेता पोरगा पंचविशीचा असेल. आम्ही बोट दाखवलं, हे द्या. तो म्हणाला, ट्रेचं आतलं माप किती? कसला ट्रे? मग त्यानं कागदावर चित्र काढलं. जपानी घरात मशीनखाली प्लास्टिकचा एक चौकोनी ट्रे जमिनीत बसवलेला असतो, पाणी सांडलं तर खालच्या घरात गळू नये म्हणून. त्याचं आतलं माप, ड्रेनचं भोक कुठल्या बाजूला, नळ जमिनीपासून किती उंचीवर (नाहीतर झाकण उघडताना नळावर आपटतं), घराचा दरवाजा, आतला पॅसेज, लिफ्ट, सगळ्याची मापं लिहायला त्यानं चित्रात रिकाम्या जागा ठेवल्या, एक कागदाची मोजपट्टी दिली आणि आम्हाला घरी परत पाठवलं. म्हणजे गिऱ्हाईक पैसे काढून उभं आहे आणि हा विकायलाच तयार नाही! मी जाम वैतागले. घरी येऊन मोजलं तर आम्ही जे बोट दाखवलं होतं ते मशीन पॅसेजमधून ४ सेंटीमीटरनं अडकलं असतं. या एका गोष्टीसाठी त्या पोराला पैकीच्या पैकी मार्क.

डिलिव्हरीला दोघं आले, बूट दारात काढले, भिंतीच्या कोपऱ्यांना आधी गाद्या लावल्या, मशीन बसवलं, नळाला पाइप जोडला, पाणी सोडून एक मिनिट चौघांनी शांतपणे गळतंय का ते बघितलं, सही घेतली आणि वाकून गेले. नवरा चहाचं विचारत होता तोवर लिफ्टचं दार बंद. टिप द्यायची तर इथे पद्धतच नाही.

मशीन स्वतः ठीक. थंड पाण्याचं आहे, बरीचशी इथली अशीच, त्यामुळे कॉलर आधी हातानं घासून घ्यावी लागते. सगळी बटणं जपानीत, तीन शब्द शिका म्हणजे निभावतं: आराइ म्हणजे धुणं, सुसुगी म्हणजे खळबळणं, दास्सुइ म्हणजे पिळणं. सोबत एक लांब नळी आली होती, ती कशाची हे कळायला चार महिने गेले. रात्री टबात अंघोळ करून उरलेलं पाणी मशीनमध्ये ओढून घ्यायची नळी आहे ती. इथे टबात शिरायच्या आधी बाहेर साबण लावून स्वच्छ होतात, म्हणून ते पाणी तसं स्वच्छच असतं, तरी आम्हाला काही धीर झाला नाही.

मिक्सर मी घरून आणला होता, कारण इथल्या ब्लेंडरात ओलं खोबरं वाटून बघा मग सांगा. १०० व्होल्टवर तो म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू फिरला आणि थांबला. मग वाढीव व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, वजन एवढं की ओट्यावरून हलवायचा म्हणजे दोन हात लागतात. मिक्सर ७५० वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, सुरू होताना मोटर जास्त खेचते. आणि भिंतीतला प्लग साधारण १५ अँपियरचा, म्हणजे १,५०० वॅटच्या वर काही मागायचंच नाही त्याच्याकडे. चटणी वाटताना शेजारी मायक्रोवेव्ह चालू असला की आमच्याकडे अंधार.

तर मायक्रोवेव्ह. ही माझी घोडचूक. सगळं मोठ्या दुकानातून घेतलं आणि हाच एक घराजवळच्या छोट्या दुकानातून, स्वस्तातला स्वस्त, कारण दूध आणि शिळा भात गरम करण्यापलीकडे काय काम असतं. दोन वर्षं बिचाऱ्यानं इमानदारीत काम केलं. २०२४ मध्ये नवऱ्याची बदली ओसाकाला झाली. सामान बांधायला आलेल्या माणसानं मायक्रोवेव्ह उचलला, उलटा केला, मागचं स्टिकर वाचलं आणि दातांतून हवा आत ओढली, स्स्स्स करून. जपानमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे की या आवाजाचा अर्थ 'नाही' असा असतो, तोंडानं कुणी नाही म्हणत नाही.

स्टिकरवर होतं ५० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा लहरते तो आकडा. जपानात वीज दोन जातींची आहे. पूर्वेला टोकियोकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेला ओसाका, क्योतो, नागोया इकडे ६०. १८९० च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीनं जनरेटर जर्मनीतून मागवले आणि ओसाकावाल्यांनी अमेरिकेतून, आणि तेव्हाचा तो घोळ आजपर्यंत चालू आहे, शिझुओकातल्या फुजी नदीच्या आसपास सीमा आहे. तोकाइदो शिंकान्सेननं, म्हणजे टोकियो-ओसाका बुलेट ट्रेननं, स्वतःपुरता तोडगा काढला, ती अख्खी ६० वर धावते आणि पूर्वेकडे त्यांनी आपले कन्व्हर्टर बसवलेत. माझ्या मायक्रोवेव्हला कोण कन्व्हर्टर बसवणार. महागातले इन्व्हर्टरवाले (आपल्याकडचा बॅटरीचा नव्हे, आतच वीज बदलून घेणारं सर्किट) दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर हर्ट्झ फ्री लिहिलेलं असतं, स्वस्तातले बरेच एकाच बाजूचे असतात आणि दुसरीकडे लावणं धोक्याचं. छोट्या दुकानातल्या काकांनी मला हे सांगितलं होतं का? कदाचित सांगितलंही असेल, मला तेव्हा जपानीत फक्त 'हाइ हाइ', म्हणजे हो हो, म्हणता येत होतं.

मग तो टाकायचा. तर टोकियोत ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी वस्तू असली की ती मोठा कचरा, सोदाइ गोमी. आधी फोन करून किंवा नेटवर नंबर लावायचा, ते तारीख आणि रक्कम सांगतात, मग कोंबिनीत (रात्रंदिवस उघडं असणारं कोपऱ्यावरचं छोटं दुकान) जाऊन तेवढ्या रकमेची स्टिकरं घ्यायची, २०० आणि ३०० येनची मिळतात, वस्तूवर चिकटवायची आणि ठरल्या दिवशी सकाळी ८ च्या आत खाली ठेवायची. आम्हाला मिळालेली तारीख आम्ही गेल्यानंतरची होती. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका नव्या पोराला दिला, तो टोकियोतच राहणार होता. फुकट दिला आणि वर घरपोच नेऊन दिला.

फोनचं कनेक्शन हा वेगळाच अध्याय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांचेच अनुभव असेच ऐकलेत. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं, मग आडनाव. पासपोर्टवर तिन्ही, म्हणून रेसिडन्स कार्डावर तिन्ही, बँकेनं ते काताकाना लिपीत लिहिताना जागा पुरेना म्हणून आडनावाची शेवटची दोन अक्षरं खाल्ली. आता फोनवाल्यांच्या कॉम्प्युटरला कार्डावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच हवं. तीन तास बसले मी तिथे. समोरच्या मुलीनं निदान दहा वेळा माफी मागितली, पाणी आणून दिलं, मॅनेजरला बोलावलं, त्यानंही वाकून माफी मागितली, आणि काम? काम नाही झालं. इतक्या गोड माणसांवर चिडताही येत नाही हाच खरा त्रास. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन नाव नीट करून घेतलं, मग सिम मिळालं. हँडसेट हप्त्यांवर मात्र दिला नाही, व्हिसा एक वर्षाचाच होता म्हणून. तो रोखीनं दुसरीकडून घेतला, २०२१ पासून नवे फोन लॉक करून विकायला बंदी आहे त्यामुळे कुठलंही सिम चालतं. इथल्या फोनचा फोटो काढतानाचा आवाज सायलेंटवर टाकूनही जात नाही बरं का, तो मुद्दाम तसाच ठेवलाय, चोरून फोटो काढू नयेत म्हणून.

फायबर इंटरनेटला पाच आठवडे लागले, मार्च-एप्रिलमध्ये सगळा देश घर बदलतो म्हणे. गॅस सुरू करायला माणूस येतो आणि तेव्हा तुम्ही घरी असावंच लागतं. बिलं कोंबिनीत बारकोड दाखवून भरता येतात, रात्री दोन वाजतासुद्धा. नवरा केस कापायला क्यूबी हाउसमध्ये जातो, १९९६ साली १,००० येनमध्ये १० मिनिटांत केस कापायचे म्हणून सुरू झालेलं, आता भाव वाढलेत पण मिनिटं तीच. शेवटी डोक्याला छतातून आलेला व्हॅक्यूमचा पाइप लावतात, तो प्रत्येक वेळी घरी येऊन मला ते करून दाखवतो.

कुरियरबद्दल मात्र एकही तक्रार नाही. दोन-दोन तासांच्या वेळा निवडता येतात आणि माणूस त्याच वेळात येतो. घरी नसलात तर पेटीत चिठ्ठी, त्यावरून पुन्हा बोलवायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एप्रिल २०२४ पासून ट्रक ड्रायव्हरांच्या ओव्हरटाइमला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली, तेव्हापासून मी दिलेली वेळ चुकवत नाही, माणूस तीन मजले चढून येतो आणि आपण भाजी आणायला गेलेलो, बरं दिसत नाही.

राहिला टीव्ही. तो आम्हाला फुकट मिळाला होता. देश सोडून जाणारे लोक घरातल्या वस्तू मिळेल त्या भावात काढतात, त्याला सायोनारा सेल म्हणतात, आणि हा गृहस्थ तर पैसेच घेईना. वर खाली टॅक्सीपर्यंत स्वतः उचलून आणून दिला, डिकीत ठेवताना चेहऱ्यावर केवढं समाधान. मला वाटलं काय देवमाणूस आहे! टीव्ही, फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन या चार वस्तूंसाठी २००१ पासून इथे रिसायकलिंगचा वेगळा कायदा आहे आणि त्या टाकायचे पैसे टाकणाऱ्यानं भरायचे, हे ओसाकाला निघताना टीव्ही बिघडला तेव्हा कळलं. महापालिका त्या उचलतच नाही. मधेच गल्लीत भोंगा लावून एक गाडी फिरत होती, जुन्या वस्तू फुकट नेतो म्हणत, नवरा खाली धावणार तेवढ्यात शेजारच्या आजींनी हाताची फुली करून दाखवली. हे लोक वस्तू गाडीत चढवून झाली की पैसे मागतात म्हणे.

मग पोस्टात जाऊन कंपनीचं नाव, इंचाचं माप लिहून फॉर्म भरला, ३,००० येनच्या आसपास रिसायकलिंगचे, न्यायला आलेल्या गाडीचे वेगळे. पावतीवर एक लांबलचक नंबर असतो, तो नेटवर टाकला की तुमची वस्तू कारखान्यात पोचली का ते दिसतं. नवऱ्यानं ओसाकात सामान लावायच्या आधी तो टाकून बघितला. पोचला होता.