शीट आणि भिंतीवरचे कॅलेंडर: लोकसहभागी संशोधनाचे वेळापत्रक नऊ महिने चालवल्यानंतरचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील पाच गावांच्या ग्रामसभांसोबत आम्ही गौण वनोपजावर संशोधन करीत आहोत. मोहफूल, तेंदूपत्ता, चारोळी आणि हिरडा गोळा करण्यात बायांचे किती तास जातात, त्याचे पैसे कोणाच्या हाती पडतात आणि कधी पडतात, याच्या नोंदी त्याच गावांतील दहा स्त्रिया करीत आहेत. प्रकल्प १८ महिन्यांचा आहे आणि वेळापत्रक व कामांची वाटणी सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या जूनपासून त्यासाठी आम्ही गूगल शीटमध्ये तयार केलेला गँट तक्ता (कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपते ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) वापरत आहोत, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून त्याच्या जोडीला प्रत्येक गावाच्या समाजमंदिरात एक हंगामी कॅलेंडर लावलेले आहे. दोन्हींचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे काम हाती घेणाऱ्या लहान संस्थांना विकत घेण्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा या जोडीचा अधिक उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला फक्त शीट होती. उभ्या रकान्यांत आठवडे, आडव्या ओळींत कामे, प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि रंगीत पट्टी, अशी ती दिसायला नीटनेटकी होती. अनुदानाचे हप्ते तिमाही अहवालाशी बांधलेले असल्यामुळे मी सगळी कामे तिमाहीत बसवली आणि घरोघरी करायचे सर्वेक्षण जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकले. धानाच्या पट्ट्यात त्या दिवसांत रोवणी असते. बाया पहाटे स्वयंपाक उरकून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात आणि अंधार पडता पडता परततात. ‘रोवण्यात घरी कोण सापडते जी?’ असे एका आजींनी आमच्या कार्यकर्तीला विचारले, तेव्हा त्या गावातील ६० घरांपैकी आमच्या हाती सात घरांची माहिती आली होती. शीटमधील पट्टी मात्र ठरल्या दिवशी संपली होती, आणि पुढच्या कामांच्या तारखा मागच्या तारखांशी सूत्राने जोडायचे माझ्याकडून राहून गेल्यामुळे विश्लेषणाची पट्टी अर्धवट माहितीवरच सुरू झालेली दिसत होती.

भिंतीवरचे कॅलेंडर त्यानंतर आले. हंगामी कॅलेंडर ही सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनातील, म्हणजे गावकऱ्यांना सोबत घेऊन गावाचा अभ्यास करण्याच्या रीतीतील, जुनी आणि परिचित पद्धत आहे. आम्ही ती माहिती गोळा करण्यासाठी न वापरता नियोजनासाठी वापरली. कापडी फलकावर बारा महिने आखले आणि खाली पाऊस, रोवणी, कापणी, मळणी, मोह, तेंदू, ताप-मलेरियाचे दिवस, सण आणि ग्रामसभा अशा ओळी गावातील बायांनी स्वतः भरल्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात, त्यामुळे मंडईच्या दुसऱ्या दिवशी बैठक ठेवू नये, ही गोष्ट माझ्या शीटमध्ये कधीच आली नसती. संशोधनाची कामे सर्वांत शेवटी, उरलेल्या मोकळ्या जागांत लिहिली गेली. सर्वेक्षण अशा रीतीने सप्टेंबरात, रोवणी आटोपल्यावर आणि कापणी लागण्यापूर्वी झाले, आणि तीन आठवड्यांत पाचही गावांत पूर्ण झाले.

वेळेचा माझा सर्वांत मोठा चुकीचा अंदाज ग्रामसभेच्या मंजुरीचा होता. शीटमध्ये मी त्यासाठी १५ ऑगस्ट हा एकच दिवस धरला होता. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आहेत, म्हणून ते सोयीचे वाटले. परंतु आमच्या पाचांपैकी दोन गावांत निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ही रीत आणि तिच्या जोडीला अभ्यासगट अनेक वर्षे चालवून दाखवले आहेत, आणि आसपासच्या गावांवर त्याचा प्रभाव आहे. प्रश्नावली वाचून झाल्यावर एका गावाने विचारले की मजुरी आणि बोनस किती उशिराने मिळतो, हा प्रश्न तुमच्याकडे का नाही. तो प्रश्न घातला, गोंडीत समजावला, पुन्हा वाचला, आणि तिसऱ्या बैठकीत संमती मिळाली. हे १९ दिवस मला तेव्हा विलंब वाटले होते. आज त्याच प्रश्नाची उत्तरे आमच्या माहितीतील सर्वांत मोलाचा भाग आहेत. आता मी मंजुरीसाठी सलग एक महिना धरते आणि ‘गावाला निष्कर्ष वाचून दाखवणे’ ही स्वतंत्र ओळ प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ठेवते, कारण जी ओळ तक्त्यात नसते तिच्यासाठी कोणाकडेच वेळ उरत नाही.

कामाची स्थिती दाखवायला बायांनी कपाळावरच्या टिकल्या वापरायला सुरुवात केली. हिरवी टिकली म्हणजे झालेले काम आणि लाल म्हणजे अडलेले काम. यातून एक अडचण उभी राहिली. गावात ‘झाले’ म्हणजे फॉर्म भरून झाला, आणि माझ्या शीटमध्ये ‘झाले’ म्हणजे तो तपासून झाला. कोबो अ‍ॅपमधून नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतात आणि तालुक्याच्या ठिकाणी आल्यावर पाठवता येतात, ही फार मोठी सोय आहे. तथापि ऑक्टोबरमध्ये आम्ही फॉर्म बदलला आणि नवी आवृत्ती तीन फोनवर उतरवून घ्यायचे राहिले, तेव्हा ३४ फॉर्म जुन्या प्रश्नांसह आले आणि त्या घरी पुन्हा जावे लागले. हिरव्या टिकल्या मात्र सगळ्या लागलेल्या होत्या. त्यानंतर आम्ही ‘गावात पूर्ण’ आणि ‘तपासून पूर्ण’ अशा दोन वेगळ्या खुणा केल्या, आणि फॉर्म बदलला की प्रत्येक फोन प्रत्यक्ष पाहणे हे नाव लावलेले काम झाले.

या जोडीचा खरा त्रास दुहेरी नोंदींचा आहे. दर शनिवारी पाच फलकांचे फोटो येतात आणि ते शीटमध्ये उतरवायला मला दोन ते अडीच तास लागतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एखाद्या गावाचा फोटो दहा-दहा दिवस येत नाही, आणि तेवढ्या काळात शीट खोटी बोलते. गावे पाचाऐवजी पंधरा असती तर ही पद्धत एका माणसाला झेपली नसती. खर्च मात्र थोडा आहे: कापड, रंग, टिकल्या, आणि बायांच्या बैठकीच्या दिवसाचे मानधन. हे मानधन अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावे, असा माझा आग्रह आहे, कारण वेळापत्रक ठरवण्यात त्यांचा जो दिवस जातो तो मजुरीचाच दिवस असतो.

अनुदान देणाऱ्यांना तिमाही पट्ट्या पाहिजेत आणि गावाला हंगाम पाहिजे, हा ताण संपलेला नाही. डिसेंबरच्या अहवालात मी प्रथमच फलकाचा फोटो जोडला आणि तेंदूच्या काळात क्षेत्रकाम का थांबणार आहे ते लिहिले. एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत पहाटेच जंगल, दुपारी ७० पानांचा एकेक पुडा बांधणे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजणी, असा दिवस असतो, त्यात मुलाखतीला जागा नाही. क्षेत्रकामाची तारीख पुढे ढकलायला होकार मिळाला.

सध्या मोहफूल सुरू होत आहे. पाचही फलकांवर पुढच्या चार आठवड्यांत आमच्यासाठी एकच काम लिहिलेले आहे: ज्या बाया फुले वेचतात त्यांनी रोजचे वजन आणि घरी परतल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहायची, आणि आम्ही त्या वह्या मे महिन्याआधी मागायच्या नाहीत.