भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याचा रिव्ह्यू: रेट जास्त, तरी माल तिथंच

आधीच सांगतो, नाव टाकणार नाही, आम्ही पर्चेसवाल्यांनी व्हेंडरचं नाव असं उघड लिहिलं की वरून फोन येतो. दोन वर्षं झाली यांच्याकडून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं कार्बुरायझिंग करून घेतोय, म्हणजे भट्टीत स्टीलच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करायचा. भोसरी एमआयडीसीत शेड आहे, बोर्ड इतका गंजलाय की आमचा टेम्पोवाला पहिल्या दिवशी तीनदा पुढे निघून गेला. पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच.

आमच्याकडे पद्धत काय, तीन कोटेशनं मागवायची, एक्सेलमध्ये कम्पॅरेटिव्ह टाकायचं, सगळ्यात कमी रेटला हिरवा रंग मारायचा आणि सहीला पाठवायचं. यांच्या आधीचा व्हेंडर असाच हिरव्या रंगातून आलेला. किलोमागे ३ रुपये स्वस्त, शाफ्ट सव्वा किलोचा, म्हणजे नगाला पावणेचार रुपये, २,००० च्या लॉटला ७,५०० वाचले. मीटिंगमध्ये सेव्हिंग म्हणून दाखवून पण झालं. मग माल आला आणि १८० शाफ्ट वाकडे, रनआउट, म्हणजे फिरवल्यावरचं डुलणं, एवढा की ग्राइंडिंगमध्ये निघणारच नाही, प्रेसवर सरळ करायला घेतले तर ४१ ना क्रॅक. वरचा थर कडकपणात ५८ ते ६२ एचआरसी झालेला, तो कसला वाकतोय, तडकणारच. तोवर एका शाफ्टवर मटेरियल आणि मशीनिंग धरून ३१० रुपये लागलेले, म्हणजे १२,७१० भंगारात, प्रेसवरच्या दोन पोरांची चार दिवसांची मजुरी वेगळी. त्या ७,५०० चा विषय नंतर कोणी काढला नाही, मी तर नाहीच.

वाकडे का झाले? त्यानं शाफ्ट बास्केटमध्ये आडवे रचलेले. ९२० डिग्रीला स्टील मऊ पडतं, तासन्‌तास तसंच पडलं की स्वतःच्या वजनानं झोळ येतो, आणि वरून तेलात बुडवताना एक बाजू आधी थंड होते. भोसरीच्या या शेडचे मालक, काका म्हणतो आम्ही, त्यांच्याकडे शाफ्ट फिक्श्चरला उभे टांगतात, मग एका चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत एका वेळी जाणाऱ्या मालात, नग कमी बसतात. किलोमागचे ३ रुपये जास्त ते याचेच. पण कोटेशनमध्ये "आडवे की उभे" असा कॉलमच नसतो ना.

म्हणून दुसऱ्यांदा व्हेंडर निवडताना मी आधी काकांच्या शेडवर गेलो आणि मुद्दाम गुरुवारी गेलो. पिंपरी-चिंचवडवाल्यांना सांगायला नको, गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी आणि महावितरणचा मेंटेनन्सचा दिवस. चार्ज भट्टीत असताना लाईट गेली तर आतला पंखा थांबतो, तापमान उतरतं, केस डेप्थचं, म्हणजे कडक थराच्या जाडीचं, सगळं गणित बिघडतं. मी विचारलं, काका, गुरुवारी लाईट गेली की काय करता? ते म्हणाले, "गुरुवारी भट्टीत माल ठेवतोच कशाला साहेब, बुधवारी रात्री शेवटचा चार्ज बाहेर. भट्टी नुसती गरम ठेवतो जनरेटरवर." चार्ज रजिस्टर मागितलं, खरंच एकाही गुरुवारी लोडिंगची एंट्री नाही. आधीच्या व्हेंडरला मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता, एसीत बसून चहा पिऊन आलो होतो.

मग त्यांनी ड्रॉवरमधून टेस्ट पीस काढला. प्रत्येक चार्जबरोबर एक टाकतात आणि नंतर कापून त्यावर पेंटनं चार्ज नंबर लिहून ठेवतात. कापलेल्या तोंडावर नायटलचा (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड) बोळा फिरवला, पुसलं, तर कडेनं एकसारखं काळपट कडं उठलं, नुसत्या डोळ्यानं दिसेल असं. डेप्थ मोजायला मायक्रो हार्डनेस टेस्टर आहेच, ५५० विकर्सपर्यंतचा कडकपणा किती आत गेलाय ते बघतात. पण ते कडं बघून मला जे कळलं ते सर्टिफिकेट वाचून कधी कळलं नव्हतं. सीक्यूआय-९ चं, म्हणजे वाहन उद्योगातल्या हीट ट्रीटमेंटच्या ऑडिटचं, सेल्फ असेसमेंट दरवर्षी भरतात, आमच्या कस्टमरला ते लागतंच, पण खरं सांगू का, फाईल तर त्या पहिल्याची पण चकाचक होती, उलट जास्तच.

आता कापलेला एक स्टार. रिपोर्ट कायम उशिरा, माल येऊन पडलाय आणि कागद नाही म्हणून इनवर्डला अडकलाय हे महिन्यातून एकदा ठरलेलं. लॉट छोटा असला तरी पूर्ण चार्जचे पैसे लावतात, त्यांचं बरोबर आहे, भट्टी अर्धी भरली म्हणून अर्धी तापत नाही, पण सॅम्पल डेव्हलपमेंटला ते जड जातं. आणि काका फोन उचलत नाहीत.

पेमेंटला मात्र कडक आहेत, उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) बिलालाच जोडून पाठवतात. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही आणि करारच नसेल तर १५. हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आधीपासून होतंच, पण २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) आलं, म्हणजे मायक्रो-स्मॉलवाल्याचं बिल मुदतीत नाही दिलं तर ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी तो खर्च धरता येतो, आणि तेव्हापासून आमचे अकाउंटवाले एकदम सज्जन झालेत. काकांना पैसे वेळेत जातात, मग आमचा अर्जंट चार्ज पण रात्रीत निघतो. आमच्या व्हेंडर रेटिंग शीटमध्ये क्वालिटी ५०, डिलिव्हरी ३०, प्राइस २०, पण आपण त्यांना पैसे कसे देतो याला मार्कच नाहीत, गंमतच आहे.

एक भीती आहेच, सगळा माल एकाच भट्टीवर. काकांचं वय साठीच्या पुढं आणि पोरगा आयटीत. म्हणून दुसरा सोर्स उभा करायचं चाललंय, चाकणच्या एकाचं कोटेशन आलंय, रेट मस्त, कम्पॅरेटिव्हमध्ये परत हिरवा. येत्या गुरुवारी जाऊन येतो, फोन न करता.