एनव्हीडीए, जॉज की नुसता मोबाईल? कॉलेजला जाणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचा फोन आला. मुलीला दिसत नाही, बारावी झाली, आता म्हापशाला बीएला जाणार. लॅपटॉपवर एनव्हीडीए घालायचं की जॉज (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर), की मोबाईलवरच भागेल? मी स्वतः अंध आहे आणि हे तिन्ही वापरून शिकलोय. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी पैशांचं. एनव्हीडीए फुकट आहे. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 साली ते लिहायला घेतलं. जॉज त्याहून जुनं, 1989 साली डॉस या जुन्या संगणक प्रणालीवर आलेलं, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. परवाना नसेल तर ते 40 मिनिटं चालतं, मग संगणक बंद करून परत सुरू करा. निबंध अर्धा झालेला असताना हे फार जिवावर येतं.

पण माझा कल एनव्हीडीएकडे आहे तो पेन ड्राइव्हमुळे. त्याची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर घेता येते आणि कुठल्याही विंडोज संगणकावर काही इन्स्टॉल न करता चालते. कॉलेजची लॅब, ग्रंथालय, मैत्रिणीचं घर, सगळीकडे आपला आवाज आपल्याबरोबर. शिवाय त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठीबरोबर कोंकणीचाही आवाज आहे. तो कानाला पत्र्यासारखा लागतो, हे खरं. मला पंधरा दिवस लागले सरावायला. आता त्याच आवाजात मी भरभर वाचतो.

जॉज वाईट मुळीच नाही. गुंतागुंतीच्या एक्सेल शीट किंवा एखाद्या ऑफिसचा खास प्रोग्रॅम असेल तर तो नीट वाचला जावा म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे जॉजसाठी खास सूचना, लिहून घेता येते. कॉलेजकडे आधीच परवाना असेल तर जरूर शिका, पुढं नोकरीत उपयोग होईल. घरच्या पैशांनी मात्र बीएसाठी घेऊ नका.

अँड्रॉइड मोबाईलवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक आणि गूगलचा मराठी आवाज ऐकायला तिघांत सगळ्यात गोड. कदंबच्या बसमध्ये बसून धडा ऐकायला तोच बरा. दहा पानांचा प्रकल्प लिहायला, तळटीपा घालायला तो पुरत नाही.

आता खरी अडचण, जी यातलं कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आठवडाभर आधी मला मराठीच्या नोट्स मिळाल्या, जुन्या शिवाजी फॉन्टमधल्या. पडद्यावर मराठी दिसते, आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. चाळीस पानं मित्रानं रात्री बसून वाचून दाखवली, आणि मला त्याचं ऋण वाटलं, तसा रागही आला. कारण त्या नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप केल्या असत्या तर मी एकटा वाचू शकलो असतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच, ते नुसतं चित्र असतं. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर सुटा होतो. जोडाक्षरं चुकतात, पण अर्थ लागतो. छापील पुस्तकही असं स्कॅन करून वाचायला कायद्याची आडकाठी नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात तशी सूट घातली आहे. स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, पुस्तक तयार मिळालं तर तेवढे कष्ट वाचतात.

प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटून युनिकोड नोट्स मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते आपलं मागणं रास्त ठरवलंय, उपकार मागतोय असं मनात आणू नका.

त्या आईला शेवटी एक काम सांगितलं. प्रवेशाचा फॉर्म भरायला जाल तेव्हा एनव्हीडीएचा पेन ड्राइव्ह बरोबर न्या आणि लॅबमधल्या एका संगणकाला लावून बघा. काही लॅबमध्ये यूएसबी बंद करून ठेवतात. तसं असेल तर प्राचार्यांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, म्हणजे वर्ग सुरू होईपर्यंत निदान एका संगणकावर एनव्हीडीए बसलेलं असेल.